मॅगेलनचं ताट

मी आज जो काही आहे तो कौसाआत्यामुळे. कौसल्या तिचं नाव, माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिचा नवरा गेला आणि ती हिंगणघाटला भावाच्या घरी परत आली. मला जन्म दिल्यावर आई फार जगली नाही, त्यामुळे माझ्या लहानपणात जे जे आईचं म्हणून असायला हवं होतं, ते सगळं आत्याच्या हातचं आहे. पहिली भाकर, पहिला मार, तापात कपाळावर ठेवलेली ओली पट्टी, शाळेचा डबा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्या पायरीपर्यंत मला तिनं आणलं, आणि त्यापुढे, जिथे यायची तिची स्वतःची छाती नव्हती, तिथेही तिनंच पाठवलं. हे प्रकरण त्या पाठवण्याचं आहे.

आमचं घर कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, जिनिंगच्या, मागच्या भिंतीला लागून होतं. दोन खोल्या, वर स्लॅबची लहानशी गच्ची, गच्चीवर जायला लोखंडी जिना. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्या लागायच्या आणि जिनिंगची यंत्रं सुरू व्हायची. ती धडधड आमच्या भिंतीतून, भांड्यांतून, झोपेतून जात असे. फळीवरचे स्टीलचे पेले सतत बारीक थरथरत. कापसाचं तुसं दाराच्या फटीतून आत यायचं, पाण्याच्या माठावरच्या फडक्यावर बसायचं, आत्याच्या भुवयांवर बसायचं. आत्या त्याच जिनिंगमध्ये कापसातला पालापाचोळा आणि डागी बोंडं निवडायला जायची. संध्याकाळी घरी आली की आधी दारातच उभी राहून पदर झटकायची, खोकायची, मग चुलीशी बसायची. अंबाडीची भाजी ज्वारीची कणी घालून, कधी गोळाकढी, आणि माझ्या वडिलांच्या आवडीची पाटवडी मात्र वर्षातून एकदाच, त्यांच्या नावानं.

पावसाळ्यात जिनिंग बंद असे. तेव्हा घर एकदम शांत व्हायचं आणि त्या शांततेत वणा नदीचा आवाज ऐकू यायचा. एरवी यंत्रांच्या धडधडीत तो बुडून जायचा. आत्याला यंत्रांचा त्रास होता, पण ती यंत्रं बंद झाली की ती जास्त घाबरायची. पाऊस लागून राहिला की ती मला कारण नसताना हाक मारायची. मी आतल्या खोलीत अभ्यास करत असलो तरी, "बापू, हायेस न रे?" मी "हाव" म्हणायचो. थोड्या वेळानं पुन्हा तीच हाक. आजही जहाजाच्या नोकरीत मी एखाद्या बंदरावर असताना तिचा फोन आला, तर पहिला प्रश्न तोच असतो.

माझे वडील बाजार समितीत हमाल होते. मी शाळेच्या अगदी खालच्या वर्गात असताना एका पावसाळी संध्याकाळी ते नदीवरच्या रपट्यावरून, पाण्यालगतच्या ठेंगण्या पुलावरून, घरी येत होते, सायकल हातात धरून. पाहणारी माणसं नंतर कितीतरी दिवस सांगत राहिली की पाणी गुडघाभरच होतं, त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मग वरून लोंढा आला. सायकल पुलाच्या खांबाला अडकलेली सापडली. वडील सापडले नाहीत. दहाव्या दिवशी नदीकाठी पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. झाडावर कावळे होते, ओरडतही होते, पण खाली कोणी आलं नाही. मोठी माणसं पिंडाला हात जोडून एकेक वचन देत होती, की पोराला शिकवू, बहिणीला अंतर देणार नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. त्यांची बोटं गवताला गाठ कशी मारत होती, हे मला स्वच्छ आठवतं. सगळे उठले, अंघोळी करून घरी गेले. आत्या तिथेच बसून होती. तिला उठवायला दोन बायका लागल्या.

त्यानंतर तिनं मला नदीकडे जाऊ दिलं नाही. पोळ्याचे बैल नदीवर धुवायला नेतात, तिथे नाही, गणपती बुडवायला नाही, मित्रांबरोबर पुलावर उभं राहायलाही नाही. आणि खरं सांगायचं तर मला बंदीची गरजच नव्हती. मला पाण्याची भीती वाटायची. बादलीत तोंड बुडवून डोळे उघडायची पैज शाळेतली सगळी पोरं लावत, मी कधी लावली नाही. असा मुलगा दर्यावर गेला कसा, हे मला लोक अजून विचारतात. उत्तर फार साधं आहे. मी बी.एस्सी. झालो, आत्यानं जिनिंगमधल्या सगळ्या बायकांना पेढे वाटले, आणि त्यानंतर नोकरी काही मिळेना. कॉलेजच्या फलकावर जहाजावरच्या कामाच्या प्रशिक्षणाची सूचना लागली होती. मी घरी येऊन ती सहज सांगितली, हसण्यावारी. आत्या त्या वेळी खोकत होती. खोकला थांबल्यावर म्हणाली, "इथं राह्यला तं जिनिंगमधीच जाशीन. माह्यासारखा खोकत बसशीन. तिकडे हवा तं साफ असन?" मी म्हटलं, "आत्या, तिथं सगळं पाणीच असते." ती म्हणाली, "मले म्हाईत हाये काय असते ते. भर फारम."

प्रशिक्षणात पोहण्याच्या परीक्षेत मी तलावाच्या कठड्याला धरून किती वेळ उभा होतो ते मी आत्याला कधी सांगितलं नाही. शिकवणाऱ्या माणसानं शेवटी माझी बोटं एकेक करून सोडवली. मी पास झालो. पण पास होणं आणि भीती जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तिथे कळलं.

घरी परतून मी जहाजाची वाट पाहत होतो. भाद्रपद संपत आला होता. एका दुपारी फोनवर कंपनीच्या माणसाचा निरोप आला. हजर व्हायचा दिवस, बंदर, आणि जहाजाचं नाव. मॅगेलन. नाव मला शाळेच्या पुस्तकातून माहीत होतं, पृथ्वीला पहिली फेरी मारणारा म्हणून. मला इतका अभिमान वाटला की मी दुपारभर फोनवर त्याची माहिती वाचत बसलो, आणि संध्याकाळी आत्या भाकरी थापायला बसल्यावर तिच्यासमोर पाट घेऊन सगळी गोष्ट सांगू लागलो. पाच जहाजं निघाली, खलाशांनी बंड केलं, खायला संपलं तेव्हा लोकांनी डोलकाठीवरचं चामडं भिजवून खाल्लं. आत्या अधूनमधून "अरे बाप्पा" म्हणत होती.

"मंग गावात आल्यावर केवढी वरात काढली असन त्याची!" ती म्हणाली.

"तो नाई आला, आत्या. जहाज आलं. त्यातलंबी एकच."

तिचा हात परातीत थांबला. "म्हंजे?"

"मधातच मेला तो. एका बेटावर लढाई झाली. काठावरच, गुडघाभर पाण्यात."

"कितीक पाण्यात म्हणलं तू?"

तोंडातून शब्द गेल्यावर मला कळलं मी काय बोललो ते. "गुडघाभर," मी हळू म्हटलं.

"अन् त्याची माती? माती कोणं केली त्याची?"

"बॉडी नाई भेटली. तिथल्या लोकायनं देल्लीच नाई."

तव्यावरची भाकर करपली. आमच्या घरात तोवर भाकर करपलेली मी पाहिली नव्हती. आत्यानं ती उचलून बाजूला ठेवली, तव्यावर पाणी शिंपडलं आणि बराच वेळ त्या वाफेकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "अशा माणसाचं नाव जहाजाले काऊन देतेत लोकं?"

"मोठा माणूस होता म्हणून."

"मोठा होता तं घरी याचं होतं न त्यानं."

दुसऱ्या दिवसापासून घरात भीती राहायला आली. दुसरे शब्द मला सुचत नाहीत. आत्या घरातलं सगळं करायची, पण भांडं ठेवताना आवाज होऊ देत नव्हती, जणू कोणी झोपलं आहे आणि ते उठायला नको. त्यातून निघायचा दिवस सर्वपित्री अमावास्येच्या दुसऱ्या दिवसाचा. पितृपक्षात आमच्याकडे कोणी नवं काम हाती घेत नाही, त्यामुळे जायची सगळी तयारी त्या दिवसांत करणं आत्याला आधीच खटकत होतं. तिच्या सांगण्यावरून मी कंपनीच्या माणसाला फोन केला आणि दुसरं जहाज मिळेल का म्हणून विचारलं. तो म्हणाला, "काय, नाव आवडलं नाही का? रंग तरी चालेल ना?" मी पुन्हा तेच विचारलं. "हे बघा," तो म्हणाला, "तुमच्या मागे लाइन आहे. यायचं तर या." आत्या माझ्या तोंडाकडे पाहत उभी होती. मी नकारार्थी मान हलवली.

शेजारचे बबनकाका जिनिंगचे चौकीदार होते. मोकळा माणूस, पण कुठे थांबावं हे त्यांना कधी कळलं नाही. आत्याची समजूत काढायला म्हणून ते ओट्यावर येऊन बसले. "कौसाबाई, तुम्ही उगा भेऊन राह्यल्या. या नावाचे लय जहाजं हायेत दुनियेत. एखादं खराब असतं तं दुसऱ्यानं ठेवलं असतं काय नाव? ए पक्या, दाखव बरं तुह्या मोबाइलमधी." मी शोधलं. खरंच पुष्कळ होती. मालाची, प्रवाशांची, समुद्रातला गाळ उपसणारी. बबनकाका खूश झाले. "हे पाहा, हे पाहा! अन् हे कोणतं जुनं?"

"हे महायुद्धात बुडालं," मी म्हणालो, आणि म्हणून झाल्यावर जीभ चावली.

"लढाईतलं सोडून दे. अन् हे? हे तं विमानासारखं दिसते."

ते यान होतं. शुक्रावर पाठवलेलं. नाव तेच.

"पाहा कौसाबाई, आभायात गेलं ना!" बबनकाका म्हणाले. "मंग, परत आलं कवा ते?"

मी फोन खिशात ठेवला. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. "सांग न बापू. तेबी घरी नाई आलं न?"

ते परत येण्यासाठी पाठवलेलंच नव्हतं, काम झाल्यावर मुद्दाम तिथल्याच हवेत सोडून जळू दिलं होतं. हे मी तिला सांगितलं. पण तिच्या हिशेबात त्यानं काही फरक पडला नाही. ती उठून आत गेली. बबनकाका थोडा वेळ बसले, मग चपला शोधत म्हणाले, "म्या तं चांगल्यासाठीच बोलत होतो बे."

आता या वयात मागे पाहताना मला त्या भीतीचं हसू येत नाही. दर्यावर इतकी वर्षं काढल्यावर मला माहीत आहे की जुने खलाशीही जहाजावर शीळ घालत नाहीत आणि निघायच्या वेळी काही ठरावीक शब्द उच्चारत नाहीत. आत्याची भीती त्यांच्यापेक्षा जास्त नीट विचार केलेली होती. तिचं म्हणणं असं, की हा माणूस पाण्याकाठी मेला, त्याला माती मिळाली नाही, त्याच्यासाठी कोणी ताट ठेवलं नाही, कोणी त्याला विचारलं नाही की तुझं काय राहिलं. वरून लोक त्याचं नाव घेऊन एकामागून एक जहाज पाण्यात सोडतात. म्हणजे दर वेळी त्याला हाक मारतात, आणि जेवू घालत नाहीत. तो काय करील? माझ्या वडिलांच्या बाबतीत ती मनात काय काय बोलत आली होती, ते मला त्या दिवसांत पहिल्यांदा ऐकू आलं.

सर्वपित्रीच्या सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर उठली. वडे, कढी, तांदळाची खीर, भोपळ्याची भाजी, आणि वडिलांसाठी पाटवडी. घरभर तळणाचा वास. मी आंघोळ करून आलो तेव्हा तिच्यापुढे पळसाच्या दोन पत्रावळी मांडलेल्या होत्या. एक वडिलांची. दुसरी कोणाची ते मी विचारलं नाही, पण बबनकाकांनी दारातून विचारलं.

"हे दुसरं ताट कोणाचं, कौसाबाई?"

"त्या जहाजवाल्याचं."

बबनकाकांनी आत वाकून दोन्ही पत्रावळी पाहिल्या. मग म्हणाले, "साहेब माणूस होता तो. त्याले कढी-वडा चालन काय? डबलरोटी ठेवा एखादी."

मला वाटलं आत्या चिडेल. ती म्हणाली, "आना मंग." आणि बबनकाका खरोखरच चौकातून पाव घेऊन आले. त्या पत्रावळीवर वडा, खीर आणि कडेला एक पाव, अशी ती तिघांनी मिळून वाढली. आत्यानं मला विचारलं, "नाव काय म्हणलं त्याचं? पुरं सांग." मी फर्डिनांड सांगितलं. तिला ते म्हणता येईना. तिनं दोनतीनदा ओठांतल्या ओठांत करून पाहिलं, मग म्हणाली, "जाऊ दे. त्याले समजन."

गच्चीवर ऊन चढलं होतं. दोन्ही पत्रावळी कठड्यावर ठेवून आम्ही जिन्याच्या तोंडाशी येऊन उभे राहिलो. कावळा लगेच आला. वडिलांच्या पत्रावळीवर बसला, पाटवडीचा तुकडा उचलला आणि उडून गेला. दुसरा आला, त्यानंही तिथलाच घास घेतला. मग एक मोठा कावळा कठड्यावरून उड्या मारत दुसऱ्या पत्रावळीपर्यंत गेला, मान तिरपी करून पावाकडे पाहिलं, वड्याकडे पाहिलं आणि मागे फिरला. मी विज्ञान शिकलो होतो. कावळ्याला तो पाव परका वाटला असेल, एवढं मला कळत होतं. पण माझे तळहात ओले झाले होते आणि त्या कावळ्यावरून माझी नजर हलत नव्हती.

दुपार कलायला लागली. वडिलांच्या पत्रावळीवर काही उरलं नाही. दुसरीवरची खीर वाळून तिच्यावर साय धरली. आत्या हात जोडून कठड्याजवळ गेली. "त्याचं काय राह्यलं होतं, बापू? कायची इच्छा असन त्याची?"

"घरी याची असन," मी म्हणालो.

ती त्या पत्रावळीकडे तोंड करून बोलू लागली, शेजारच्या माणसाशी बोलावं तसं. "पाह्य रे बाबू, तुह्या मायनं वाट पाह्यली असन. आमचा पोट्टा येऊन राह्यला तुह्या जहाजावर. त्याले घरी येऊ दे. तो आला म्हंजे तू आला, असंच समजजो. म्या दरसाल ताट ठेवीन तुह्यासाठी." आम्ही वाट पाहिली. जिनिंगच्या पत्र्यावर कावळे बसलेले दिसत होते. कोणी आलं नाही.

बबनकाका खालूनच म्हणाले, "कौसाबाई, दर्भाचा करून टाका न एक."

आत्या अशा आवाजात बोलली की मी दचकलो. "एक डाव केला तो. अजून माह्या डोयाले डोया नाई." बबनकाका आपल्या घरात गेले.

ती कठड्याला टेकून खाली बसली. मी तिच्याजवळ बसलो. मला त्या वेळी काय हवं होतं ते मी इथे स्पष्ट लिहितो. तिनं 'नको जाऊ' म्हणावं, असं मला वाटत होतं. तिनं एकदा म्हटलं असतं की मी कंपनीला फोन लावला असता, आणि दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली की तिच्या फाटकात जाऊन उभा राहिलो असतो, आणि मला सुटल्यासारखं वाटलं असतं. तिला खोकल्याची उबळ आली. पदरात तोंड धरून ती खोकली, आणि पदर बाजूला केल्यावर त्या सुकलेल्या पत्रावळीकडे पाहून, एखादं गणित सुटल्यासारखं म्हणाली, "तो इथं येईनच कसा? त्याले हिंगणघाट कुठं मालूम हाये?"

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"ज्याचं त्याचं ताट ज्याच्या त्याच्या जागी ठेवा लागते. तो पडला तिकडे, आपण बलावून राह्यलो इकडे. तुह्यं जहाज जाते काय त्या बेटाकडे?"

"सांगता नाई येत, आत्या. जाऊबी शकते."

"मंग जाशीन तवा ठेवजो." ती गुडघ्यावर हात देऊन उठली. भीती तिच्या चेहऱ्यावरून गेलेली नव्हती, हे मला नीट आठवतं. ओठ पांढरे पडले होते. पण तिनं खाली जाऊन डब्यातले काळे तीळ आणि मूठभर तांदूळ काढले, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधले आणि ती पुरचुंडी माझ्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवली.

सकाळी वर्ध्याच्या बसपर्यंत ती आली. मी पाया पडून म्हणालो, "जातो आत्या." तिनं माझ्या दंडाला इतक्या जोरात धरलं की तिची बोटं तिथे नंतरही जाणवत राहिली. "येतो म्हण." मी "येतो" म्हटलं. "अजून एक डाव म्हण." बसमधली माणसं पाहत होती. मी पुन्हा म्हटलं. कंडक्टरनं घंटी मारली.

जहाज पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते बंदराच्या भिंतीपेक्षा उंच होतं आणि पुढच्या अंगाला पांढऱ्या अक्षरांत ते नाव होतं. शिडीची दोरी धरून मी उभा राहिलो, अगदी त्या तलावाचा कठडा धरला होता तसा. या वेळी बोटं सोडवायला कोणी नव्हतं. मी मनात "येतो" म्हटलं आणि चढलो. पुढचे कित्येक महिने मी रोज घाबरत होतो. खाली यंत्रखोलीजवळ झोपायची जागा मिळाली, तिथे भिंत धडधडत असे आणि फळीवरचा पेला थरथरत असे. त्या आवाजात मला झोप यायची. वर डेकवर गेलो आणि तो आवाज मागे पडून नुसतं पाणी ऐकू आलं, की आत्याची हाक आठवायची.

आत्याला फोनवरचं बोलणं पटत नाही. ती म्हणते, ते उडून जातं. प्रौढांच्या वर्गात ती अक्षर शिकलेली, म्हणून मी बंदरातून तिला पत्र पाठवायचो, अक्षरं मोठी आणि सुटी काढून. त्यांतलं एक पत्र या प्रकरणासाठी मी तिच्याकडे मागितलं. तिनं ते दिलं नाही. "हरवशीन तू," म्हणाली. चष्मा लावून तिनं ते ओळीवर बोट ठेवून मला वाचून दाखवलं, माझंच पत्र, आणि मी शाळेतल्या मुलासारखा समोर बसून लिहून घेतलं. ते पत्र तिला पोहोचल्यावर आलेल्या सर्वपित्रीपासून ती पितरांची ताटं गच्चीवर मांडत नाही. दोन्ही पत्रावळी घेऊन ती वणेच्या काठावर जाते, जिथे इतकी वर्षं तिनं मला जाऊ दिलं नव्हतं, आणि पाण्याच्या अगदी कडेला ठेवून येते. पत्र असं होतं.

तीर्थरूप आत्यास प्रकाशचा साष्टांग नमस्कार.

मी बरा आहे. जेवण होतं. तू विचारशील म्हणून आधी लिहितो.

आत्या, आमचं जहाज त्या बेटाजवळ आलं. आमच्या डेकवरचा मुकादम रॉनी याच भागातला आहे. त्यानं मला लांबून तो किनारा दाखवला. मी त्याला सांगितलं की मला तिथे ताट ठेवायचं आहे आणि कोणासाठी ते. तो खूप हसला. म्हणाला, त्याला आमच्याच लोकांनी मारलं, आमच्याकडे मारणाऱ्याला देव मानतात, आणि तू इतक्या लांबून त्याला जेवण घेऊन आलास? मी म्हटलं, माझ्या आत्यानं सांगितलं आहे. मग तो हसायचा थांबला. सुटी मिळाल्यावर तो स्वतः मला घेऊन गेला.

तुझे तांदूळ मी जहाजाच्या स्वयंपाकघरात शिजवून नेले. वर तीळ टाकले. केळीचं पान रॉनीनं आणलं. पाणी खूप मागे गेलं होतं, तिथे चिखल आणि झाडांची मुळं होती. मी पान मांडलं. मग मला राहवलं नाही आणि शेजारी दुसरं पान मांडलं. त्यावर बाबांच्या नावानं घास ठेवला. दोघंही गुडघाभर पाण्यातले, म्हणून.

आम्ही बसून राहिलो. कावळा आला नाही. आत्या, मी खोटं लिहिणार नाही, कोणताच पक्षी आला नाही. मला फार भीती वाटली. रॉनीही माझ्याबरोबर वाट पाहत बसला.

मग भरती लागली. पाणी आलं ते लोंढ्यासारखं नाही आलं. हळू आलं, मांजर येतं तसं. पानांच्या कडेला लागलं, थोडं मागे गेलं, परत आलं. आधी त्याचं पान उचललं, मग बाबांचं. दोन्ही पानं एकमेकांना लागून थोडी लांब गेली आणि मग दिसेनाशी झाली. एक शीतही सांडलं नाही. मी उठलो तेव्हा पाणी माझ्या घोट्यापर्यंत आलं होतं, आणि मी मागे सरलो नव्हतो, हे मला नंतर लक्षात आलं.

पाण्यानं घास घेतला तर तो शिवल्यासारखा धरायचा का, ते मला माहीत नाही. भटजींना विचारू नको. तूच ठरव.

पावसाळा लागेल तेव्हा तुला नदीचा आवाज येईल. हाक मार. मी हाव म्हणेन.

येतो.

तुझा बापू